जिन्याखालचा जावई

निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात. माझ्या सासऱ्यांनी शहापूरजवळ घर बांधलं. विजेचा खांब इतका लांब, की ‘आपल्याला कुणाची वीज नकोच’ असा बाणेदार निर्णय अण्णांनी घेऊन टाकला. छपरावर पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्या, परसात विहीर. तेव्हापासून आमचे नौपाड्यातले शनिवार-रविवार संपले. ठाण्याहून आसनगाव लोकल पकडायची आणि निसर्गात जायचं, म्हणजे प्यायचं पाणी तयार करण्यात अण्णांच्या हाताखाली राबायचं.

तालुकाही नामी. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारं तानसा धरण इथलंच, भातसा इथलंच, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही इथलेच. भातसाचं पाणी ठाण्यातही येतं, तेव्हा या विषयावर इथे मी तोंड उघडत नाही.

अण्णांनी आधी आरओ, म्हणजे पाण्यातले क्षारही काढणारं मशीन, बसवलं. दुकानदार म्हणाला, “साहेब, वीज नावाला लागते.” लागते नावालाच, पण तिचे हाल बघा. बॅटरीत डीसी, इन्व्हर्टर तिची एसी करणार, मशीनचा अडॅप्टर पुन्हा तिची २४ व्होल्ट डीसी करणार, आणि दर मुक्कामी थोडी वीज नुसती गरम होऊन जाणार. वर, निम्म्याहून जास्त पाणी वेस्टच्या नळीतून बाहेर. सासूबाईंनी नळीखाली बादली लावली. फरशी दिवसातून तीनदा पुसली जाऊ लागली.

शेवटी मेहुण्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर आणला. विहिरीचा आकडा २१०. भारतीय मानक ५०० पर्यंत खुशाल चालवून घेतं. मग आरओ गेला, आणि साधा फिल्टर व ११ वॅटचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा आला. जंतूंना तेवढा पुरतो; फक्त पाणी नितळ हवं. जुलैत विहीर काठोकाठ असते, पण पाणी गढूळ आणि सूर्य रजेवर. मे महिन्यात सूर्य ओव्हरटाइम करतो, तेव्हा विहिरीत बेडकाचेही पाय भिजत नाहीत. त्यात पॅनलवर धूळ बसते. ती धुवायला पाणी, पाण्याला मोटर, मोटरीला पॅनल.

मोटर म्हणजे एक सोहळाच. एक एचपीची, चालताना हजारेक वॅट, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. अण्णा अंगणातून हाळी देतात, “मोटर लावतोय!” की पंखे बंद, टीव्ही बंद, मिक्सरमधली चटणी अर्धवट. एकदा ऐरोलीच्या आत्याबाई विजेची किटली घेऊन आल्या. त्यांनी बटण दाबलं आणि इन्व्हर्टरने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या पाड्यावरचे दोघे धावत आले.

अण्णांनी आत्याबाईंना कागदावर गणित करून दाखवलं. हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर चढवायचं निव्वळ काम ४१ वॅट-तासांचं. पंपाचा कामचुकारपणा धरून तिप्पट म्हणा. आणि एक लिटर उकळायला ८० हून जास्त! “म्हणजे आत्या, तुमच्या लिटरभर चहात आमची टाकी अर्धीअधिक भरली असती.” आत्याबाईंनी चहा सोडला नाही, चुलीवर केला.

गणिताचा फायदा मात्र झाला. आता वीज साठवायच्या भानगडीत न पडता दुपारच्या उन्हात थेट टाकी भरायची, यूव्हीही तेव्हाच चालवायचा, पिंप भरून ठेवायचं. दारावर वेळापत्रक लागलंय. त्यात माझी अंघोळ साडेबाराला आहे.

पण खरा मान बॅटरीचा. आम्ही विहिरीचं गाळीव पितो. ती डिस्टिल्ड वॉटरशिवाय घोट घेत नाही. यूव्हीचं चालत नाही, आरओचंही चाललं नसतं. वेळच्या वेळी विचारपूस, उन्हाळ्यात जरा जास्त, न दिल्यास कायमचं रुसणं. या घरात जावई मी आहे, असा माझा समज होता.

परवा अण्णांचा फोन आला. “जावईबापू, येताना बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन या.”

“आणतो. आणि अण्णा, आम्हाला प्यायला?”

“तुमचं तुम्ही घेऊन या. इथे ढग आलेत.”