शहाऐंशीव्या मजल्यावरचा पाहुणचार

न्यू जर्सीत घर घेतलं की घराचं कर्ज आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग अशा दोन गोष्टी एकदमच गळ्यात पडतात. कर्ज तीस वर्षांत फिटतं. मे उजाडला की पुण्याहून, नाशिकहून, डोंबिवलीहून पाहुणे यायला लागतात. बॅगा उघडतात, भाजणी, मेतकूट, चकल्या ओट्यावर मांडल्या जातात आणि जेट लॅग उतरायच्या आत प्रश्न येतो, "मग, एम्पायर स्टेटला कधी नेतोस?" चकली आपल्या तोंडात असते. नाही म्हणायची सोय राहत नाही.

"काका, आता न्यूयॉर्कमध्येच तिच्याहून उंच इमारती झाल्यात," असं सांगून पाहावं, तर काका कीव केल्यासारखं बघतात. 'जगातील सर्वांत उंच इमारत कोणती?' या प्रश्नाला त्यांनी शाळेत हेच उत्तर लिहिलेलं असतं आणि पुरा मार्क मिळवलेला असतो. १९३१ पासून १९७० पर्यंत ते उत्तर बरोबरही होतं. आज शहरातल्या पहिल्या पाचांतसुद्धा तिचा नंबर लागत नाही. पण अमेरिका म्हटलं की स्वातंत्र्यदेवी आणि तिच्या पाठोपाठ ही टोकदार बिल्डिंगच डोळ्यांपुढे येते. नंतरच्या काचेच्या उभ्या पेट्यांची नावं इथल्या लोकांनाही धड सांगता येत नाहीत. तेव्हा जावं लागतंच. कसं जायचं ते सांगतो. इतक्या वाऱ्या घडल्यावर तेवढा अधिकार मला आहे.

गाडी काढू नये. बोगद्याचा टोल, मॅनहॅटनमध्ये शिरण्याचा गर्दीचा कर आणि पार्किंग, एवढं भरल्यावर पाहुण्यांकडे प्रेमानं बघणं जड जातं. मेट्रोपार्क किंवा एडिसनहून रेल्वेनं पेन स्टेशन गाठावं. बाहेर पडतो ते सातव्या अव्हेन्यूवर, आणि इमारत आहे पाचव्यावर. इथे "दोनच तर ब्लॉक आहेत" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नये. मॅनहॅटनमध्ये एका आडव्या रस्त्यापासून पुढच्या रस्त्यापर्यंत जेमतेम ऐंशी मीटर. उभ्या अव्हेन्यूपासून पुढची अव्हेन्यू त्याच्या साधारण तिप्पट. हे गणित मावशींच्या गुडघ्यांना आपल्याआधी कळतं. त्यात चौतिसाव्या रस्त्यावर वाटेतच मेसीजचं अवाढव्य दुकान आहे. पुतळाही हलणार नाही अशा जागी उभी केलेली मावशी तिथे गायब होते. तिकिटावरची वेळ चुकण्याचं हे पहिलं कारण. जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरकडच्यांना पाथ नावाची लोकल गाडी सहाव्या अव्हेन्यूवर तेहतिसाव्या रस्त्यापाशी सोडते, तिथून एकच अव्हेन्यू चालायचं. पण तिथूनही दुकान दिसतंच.

मग येतो सगळ्यात अवघड क्षण. इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून पाहुणे विचारतात, "कुठाय?"

त्यांचा काही दोष नाही. १९१६च्या कायद्यानं न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींना वर जाताना मागे मागे सरकणं भाग पाडलं, म्हणजे खाली रस्त्यावर ऊन-वारा पोचावा. त्यामुळे फूटपाथवरून दिसते ती पाचसहा मजल्यांची चुनखडी दगडाची भिंत. खरी इमारत त्या भिंतीच्या आत, मागे, वर कुठेतरी असते. मान कितीही मोडली तरी टोक दिसत नाही. काकांना वाटतं, आपल्याला भलत्याच ठिकाणी आणलंय. यावर उपाय एकच. आधी तेविसाव्या रस्त्यावरच्या मॅडिसन स्क्वेअर बागेत न्यावं, बाकावर बसवावं आणि उत्तरेकडे तोंड करून द्यावं. तिथून ती १,४५४ फुटांची इमारत थेट अँटेनाच्या टोकापर्यंत नजरेत येते. तिथेच दुसरी गोष्ट तपासून घ्यावी: इमारतीचं डोकं दिसतंय की ढगात गेलंय? खालून डोकं दिसत नसेल तर वरून पायही दिसत नाहीत. वर तेव्हा चारी बाजूंना निव्वळ ताक असतं, आणि त्या ताकाचेही पैसे तेवढेच.

तिकीट वेळेचं असतं आणि घरूनच काढावं. एक शहाऐंशीव्या मजल्याचं, दुसरं त्यासकट एकशे दोनाव्याचं. एकशे दोनावा मजला काचेनं बंद आहे. शहाऐंशीवा उघडा, वाऱ्याचा. माझं मत शहाऐंशीवा पुरे. पण "एवढं आलोय तर" हे तीन शब्द मराठी माणसाच्या जिभेवर असतातच, त्यामुळे माझं मत आजवर कुणी मानलेलं नाही. सूर्यास्ताच्या आधी तासभर पोचलं तर एकाच तिकिटात दिवस, संध्याकाळ आणि दिवे तिन्ही मिळतात. ही युक्ती साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून त्या वेळेचं तिकीट महाग आणि रांगही लांब. गर्दी नको असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जावं.

प्रवेश पाचव्या अव्हेन्यूच्या भारदस्त दारातून नाही, चौतिसाव्या रस्त्यावरून आहे. आत विमानतळासारखी तपासणी. काचेची बाटली चालत नाही, ट्रायपॉड चालत नाही, मोठ्या बॅगा चालत नाहीत, आणि त्या ठेवायला जागाही नाही. आत्याच्या पिशवीतून ऐन वेळी लोणच्याची बरणी निघते. ती कशासाठी आणली, हे विचारू नये. उत्तर असतं, "लागलं तर."

पुढे दुसऱ्या मजल्यावर संग्रहालय. एका खोलीत भिंत फोडून आत घुसलेला, 'किंग काँग' सिनेमातल्या गोरिलाचा राक्षसी हात आहे. तिथे फोटोला वीस मिनिटं धरून चालावं. त्याआधी बांधकामाचा भाग लागतो. माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथे, आणि पाहुणे पळत सुटतात तेही तिथेच. १७ मार्च १९३० ला काम सुरू झालं, १ मे १९३१ ला उद्घाटन: एकूण ४१० दिवस. आठवड्याला सरासरी साडेचार मजले. हे झालं कसं, तर विटा ट्रकमधून रस्त्यावर ओतण्याऐवजी घसरगुंडीनं थेट तळघरातल्या मोठ्या नरसाळ्यात सोडायच्या, तिथून खालच्या गाड्यांत भरायच्या आणि उचलून मजल्यावर न्यायच्या. प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकलेले; डबे त्यावरून ढकलत गवंड्याच्या हाताशी. अशा एक कोटी विटा. जेवायला तीन-साडेतीन हजार माणसं खाली-वर करत बसली तर दुपार त्यातच जाईल, म्हणून कँटीनच वरच्या मजल्यांवर मांडलेली. ४१० हा आकडा ऐकला की डोंबिवलीचे काका बराच वेळ गप्प होतात. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासात एवढे दिवस पार्किंगच्या मुद्द्यावर गेलेले असतात.

वाटेत एक जण हिरव्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढतो. फोटो काढताना पैसे मागत नाही, म्हणून पाहुणे खूश. परतताना मागतात.

मग लिफ्ट. ऐंशीव्या मजल्यावर साधारण मिनिटभरात नेते आणि कानांना दडे बसतात. आवंढा गिळावा किंवा आवळासुपारी चघळावी. ती वाटायचं काम आत्याचं, कारण लोणचं नसलं तरी ती पर्समध्ये असतेच. ऐंशीव्यावर लिफ्ट बदलायची. तिथे पुन्हा रांग. पायऱ्यांची मुभा असली तर सहा मजले चढून जाणारा आधी पोचतो. खालपासून शहाऐंशीव्यापर्यंत १,५७६ पायऱ्या आहेत आणि दर वर्षी काही माणसं त्या पळत चढण्याची शर्यत लावतात, विक्रम दहा मिनिटांच्या आतला आहे. ही माहिती मावशींना देऊ नये.

या रांगेत वेळ काढायला मी एक गोष्ट राखून ठेवली आहे. इमारत उघडली ती ऐन मंदीत. भाडेकरू मिळेनात, लोक एम्पायर न म्हणता 'एम्प्टी' म्हणू लागले. पहिल्या वर्षी भाड्यातून आलं तितकंच उत्पन्न या गच्चीच्या तिकिटांतून आलं, सुमारे वीस लाख डॉलर. थोडक्यात, पाहुण्यांनी तिला जगवलं. आमच्या घरी हिशेब उलटा असतो, हे मी मनात म्हणतो.

टोकाचीही गंमत आहे. वरचा सुळका उडत्या फुग्यासारखी प्रवासी जहाजं बांधायचा खांब म्हणून उभारला होता. युरोपातून आलेलं जहाज एसटी फलाटाला लागावी तसं इथे लागणार, आणि उतारू एकशे दोनाव्या मजल्यावर फळीवरून चालत आत येणार. जहाजाचं नाक बांधलं तरी शेपूट वाऱ्यावर मोकळंच, खाली हजारभर फूट पोकळी. अशात बॅग घेऊन उतरणार कोण? १९३१ च्या सप्टेंबरात एक छोटं जहाज तीन मिनिटं कसंबसं बांधलं गेलं, आणि ते स्थानक बंद पडलं ते कायमचं. या अपयशाशिवाय तिला ते टोक मिळालं नसतं, आणि टोकाशिवाय तिला ओळखलं कुणी नसतं.

शहाऐंशीव्यावर दार उघडलं की पहिली उडते ती काकांची टोपी. खाली घाम येत असला तरी वर शाल लागते. जाळीतून फोनची लेन्स बाहेर निघते, फोनही निघू शकतो. दोरी मनगटात अडकवावी. नातवंडं विचारतात, इथून नाणं टाकलं तर खालचा माणूस मरतो का? नाही. नाणं हवेत गिरक्या घेतं, ठरावीक वेगापुढे जात नाही, आणि बहुधा १९१६ च्या कायद्यानं मागे सरकवलेल्या एखाद्या सज्जावरच पडतं. तरी टाकू नये.

दक्षिणेला तिकोनी फ्लॅटआयर्न इमारत आणि लांब टोकाला वन वर्ल्ड ट्रेड सेंटर. स्वातंत्र्यदेवी नैर्ऋत्येला, तुळशीवृंदावनाएवढी. ईशान्येला क्रायस्लर इमारत. उत्तरेला सेंट्रल पार्क असतं, पण मध्ये उंच सुया उभ्या राहिल्यानं ते आता फटीतून बघावं लागतं. स्वच्छ हवेत ८० मैल दिसतं. पश्चिमेला हडसनपलीकडे न्यू जर्सी. "आपलं घर कुठाय?" या प्रश्नाला हात लांब करून ठामपणे काहीतरी दाखवावं. समाधान होतं.

मग सगळे फोटो चाळतात आणि मावशी हळूच विचारतात, "यात एम्पायर स्टेट कुठे दिसत नाही ते?"

दिसणार कशी? आपण तिच्या डोक्यावर उभे. आख्ख्या न्यूयॉर्कमधून ती दिसते. न दिसणारी जागा ही एकच, आणि नेमकं तिचंच आपण तिकीट काढलंय. ती हवी असेल तर रॉकफेलर सेंटरच्या सत्तराव्या मजल्यावर जावं लागतं. तिथून दक्षिणेला ती अशी समोर उभी राहते की बस्स. तिकीट वेगळं. आणि "एवढं आलोय तर."

रात्री परतताना पाहुणे हडसनच्या अलीकडून वळून बघतात. १९७६ पासून तिचे दिवे रंगीत झाले, २०१२ पासून एलईडी. दिवाळीला केशरी, १५ ऑगस्टच्या सुमारास तिरंगी. अँटेनापर्यंत स्पष्ट, मध्ये कुणाचं डोकं नाही, वारा नाही, रांग नाही. दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तिथे, फुकट निघतो.

घरी आल्यावर मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन डोंबिवलीला फोन लावतात. "हो गं, अगदी वरपर्यंत. नाही, काही त्रास नाही झाला, लिफ्ट आहे. वारा मात्र फार हो. तुम्ही आलात की नेईलच हा."