‘गांजाने डोकं चालतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. चार-पाच पोरांनी त्याला अंगठे दिले, एकाने तो पुढे ढकलला. दोन दिवसांनी तोच मेसेज माझ्या भाच्याने जळगावहून मलाच पाठवला. मजकूर थोडक्यात असा : ‘गांजा ही महादेवाची बुटी आहे. इंग्रजांच्या आयोगाने १८९४ सालीच ती निर्धोक ठरवली. तिची सवय लागत नाही. एकाग्रता वाढते, बुद्धी तल्लख होते. डिप्रेशन जातं, झोप लागते. गांजाने आजवर एकही माणूस मेलेला नाही. अमेरिका-कॅनडाने तो मोकळा केला, आपल्याकडेच बंदी.’ खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या एका गावात पोरांना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. तलाठी, पोलीस भरती, रेल्वे, बँक, जी जाहिरात निघेल तिची तयारी. आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. त्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याची बातमी वरचेवर छापून येते, तेव्हा पुडीसाठी इथल्या पोराला लांब जावं लागत नाही. मी डॉक्टर नाही. पण पोरं माझ्या समोर बसतात, म्हणून त्या मेसेजमधला एकेक दावा मी नीट वाचून तपासला. त्यातले काही अर्धे खरे आहेत, आणि पोरं फसतात ती त्या अर्ध्या खऱ्यालाच.

महादेवावरून मी वाद घालणार नाही. माझे आजोबा महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेला जायचे आणि साधूने दिलेला घोटा हात जोडून घ्यायचे. वर्षातून एकदा. बाकी वर्षभर ते औत धरायचे. आणि महादेवाला धोतराही वाहतात, पण धोतऱ्याचं बोंड खायला कोणी सांगत नाही. शिवाय घोटा भांगेच्या पानांचा असतो; पोरं चिलमीत भरतात तो फुलोऱ्याचा शेंडा. नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्या फुलोऱ्याच्या चिकात सगळ्यात जास्त. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातही गांजा म्हणजे हा फुलोरा; नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही. आजोबांचा घोटा आणि रोज रात्रीची चिलीम एका तागडीत बसत नाही.

इंग्रजांच्या आयोगाचं म्हणाल तर तो खराच नेमला होता. १८९३-९४ मध्ये त्याने १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं गोळा केलं आणि बेताने घेतल्यास फारसं नुकसान दिसत नाही, असं लिहिलं. मेसेज इथेच थांबतो. अतिसेवनाने शरीराला आणि मनाला इजा होते, हे त्याच अहवालात पुढे आहे. त्यांची शिफारस कर आणि निर्बंधांची होती, मोकळीक द्यायची नव्हती. आणि त्या काळी तपासायला साधनं तरी काय होती? टीएचसी वेगळं काढून त्याची रचना कळली ती १९६४ साली, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या हातून. मालही तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ साली टीएचसी सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये सुमारे १२. सव्वाशे वर्षांपूर्वीचा दाखला आजच्या पुडीला लावता येत नाही.

आता एकाग्रतेचा आणि बुद्धीचा दावा. हे सगळं लिहायला मी बसलो तो या एका ओळीमुळे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता. नाव सांगत नाही, गावही नाही. बाप सालदार, आई कापूस वेचायला जाणारी. पोरगा असा की मी फळ्यावर गणित मांडून होईपर्यंत याचं उत्तर तयार. दिवाळीनंतर त्याचे टेस्टचे मार्क घसरू लागले. मी रागावलो तर म्हणाला, ‘सर, रातले दोन झुरका मारात का डोकं मस्त चालस.’ लपवलंही नाही, इतका त्याचा त्यावर विश्वास. मी त्याची वही मागून घेतली. राज्यघटनेच्या टिपणांत मूलभूत कर्तव्यांची यादी सोमवारी लिहिलेली, गुरुवारी पुन्हा तीच, रविवारी तिसऱ्यांदा तीच. तिन्ही वेळा वर ‘महत्त्वाचे’ म्हणून लाल पेनाने चौकट. आधी लिहिलंय याची त्याला आठवणच नव्हती. अक्षर मात्र तिन्ही वेळा सुरेख, वेळ देऊन काढलेलं. वही पुढे धरली तेव्हा तो बराच वेळ पानं मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, ‘वाचस पन ध्यानमा ऱ्हास नही.’

हे का होतं ते आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. आपला मेंदू गांजासारखा एक रेणू स्वतःच तयार करतो. १९९२ साली तो सापडला तेव्हा त्याचं नाव आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून आनंदामाइड ठेवलं. मेसेजवाले यावरही उड्या मारतात : शरीरातच आहे तर बाहेरून घेतलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. शरीर हा रेणू लागेल तिथे, लागेल तेवढाच बनवतं आणि काम झालं की लगेच मोडून टाकतं. टीएचसी येतं ते एकदम सगळीकडे आणि तासन् तास मुक्काम ठोकतं. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला दारं धरून द्यायचं, त्याऐवजी अख्खा पाट फोडून द्यावा, तसं. ते जिथे जाऊन बसतं त्या जागा दाट कुठे कुठे आहेत? हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आज वाचलेलं उद्यासाठी जिथे साठवलं जातं तिथे. आणि कपाळामागच्या भागात, जिथे लक्ष टिकवणं, बेत आखणं, मोह आवरणं ही कामं चालतात. हा कपाळामागचा भाग पक्का व्हायला वयाची पंचविशी येते. माझ्यासमोर बसणारी पोरं सतरा ते तेवीसची.

मग डोकं ‘मस्त चाललं’ असं का वाटतं? कारण नशेत माप घेणाराच बदललेला असतो. २०२२ साली अमेरिकेत छापून आलेला एक प्रयोग आहे. गांजा नुकताच ओढलेल्यांना स्वतःच्या कल्पना जास्त भारी वाटल्या. त्याच कल्पना बाहेरच्या लोकांनी तपासल्या तेव्हा न ओढणाऱ्यांच्या कल्पनांपेक्षा सरस निघाल्या नाहीत. माझ्या पोराच्या वहीतली लाल चौकट तीच. ‘मला तर फायदा होतो’ असं सांगणारा पोरगा खोटं बोलत नसतो. त्याला तसं खरंच वाटत असतं, आणि म्हणूनच त्याची साक्ष इथे धरता येत नाही. टेस्टचा पेपर धरता येतो.

कायमची बुद्धी घटते का, यावर मी हातचं राखून बोलेन. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. २०१२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, किशोरवयात सवय लागून ती वर्षानुवर्षं टिकलेल्यांचा बुद्ध्यंक तेराव्या ते अडतिसाव्या वर्षांत सरासरी ८ गुणांनी उतरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यात तसा फरक दिसला नाही, तेव्हा घरची परिस्थिती आणि बाकीची कारणं यांचा वाटा किती, हा वाद चालू आहे. पण स्मरण आणि लक्ष यांवर रोजच्या ओढण्याने आज, या आठवड्यात, या परीक्षेपुरता परिणाम होतो, यावर संशोधकांत फारसा वाद नाही. भरतीच्या पोराला नुकसान व्हायला तेवढं पुरे. एका गुणाने यादीतून नाव जातं.

डिप्रेशन आणि झोपेचं दुखणं मला जवळून माहीत आहे. जाहिरात निघते, रद्द होते, पेपर फुटतो, वय निघून चाललेलं असतं, घरी लग्नाचं बोलणं सुरू. रात्री अंथरुणावर पडलं की हे सगळं छातीवर बसतं. दोन झुरक्यांनी ते उतरतं, हे खरं आहे. नसतं तर कोणी ओढलाच नसता. पण काही आठवड्यांत शरीर सरावतं, तेवढ्याने झोप येत नाही, आणि बिगर ओढता तर मुळीच येत नाही. २०१९ साली ११ अभ्यासांतली तेवीस हजारांवर तरुणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. किशोरवयात गांजा ओढणाऱ्यांत पुढे नैराश्याचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त होता आणि जीव द्यायचा प्रयत्न करण्याचा धोका तिपटीहून जास्त. ज्याला औषध म्हणतात, त्याच्या मागे हे उभं आहे.

आणि एक गोष्ट, जी मेसेजात कुठेच नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांवर तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं; पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण सहा पट निघालं. २०१९ मध्ये युरोपातल्या अभ्यासातही रोज ओढणाऱ्यांना भ्रमाच्या आजाराचा धोका तिप्पट, आणि जहाल माल रोज ओढणाऱ्यांना जवळपास पाचपट दिसला. बहुतेकांना हा आजार होत नाही. पण ज्याच्या चुलत्याला, आत्याला, आईला असा आजार आहे, त्याने चिलमीला हातही लावू नये. आपल्याकडे पोराला आवाज ऐकू येऊ लागले, घरचेच विष घालतात असं वाटू लागलं की ‘बाहेरचं झालं’ म्हणतात आणि भगताकडे नेतात. नवस करायचा तर करा, पण त्याच आठवड्यात धुळ्या-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. इथे उशीर फार महाग पडतो.

गांजाने कोणी मेला नाही? जास्त ओढून श्वास बंद पडत नाही, हे बरोबर, कारण श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात टीएचसीच्या जागा फार थोड्या. पण आमची पोरं ओढून मोटारसायकलवर बसतात आणि मुंबई-आग्रा हायवेवर येतात. अंतराचा आणि वेळेचा अंदाज नशेत आधी जातो, आणि समोरून ट्रक असतो. ‘तंबाखूपेक्षा बरा’ म्हणणाऱ्यांच्या चिलमीत गांजा तंबाखूत मळूनच भरलेला असतो.

परदेशाबद्दल एवढंच : कॅनडाने २०१८ मध्ये तो कायदेशीर केला तेव्हा प्रांतागणिक वयाची अट घातली, कुठेही १८ च्या खाली नाही, अमेरिकेच्या ज्या राज्यांत मौजेसाठी विकतात तिथे ती २१ आहे. औषध म्हणाल तर गांजातलं कॅनाबिडिऑल २०१८ पासून तिथे अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांवर देतात. त्याने नशा येत नाही, मात्रा डॉक्टर ठरवतो. पुडीतल्या मालाचं तसं नसतं. आपल्या कायद्यात एक किलोपर्यंत गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस भरतीच्या पोरांनी चारित्र्य पडताळणी आठवावी.

सवयीचा दावा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर त्या पोराबरोबर मी पाहिलं. एकदा तरी ओढलेल्या शंभरात साधारण नऊ जण त्याच्या आहारी जातात. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहातला एक. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजामुळे मदतीची गरज असल्याचं दिसलं. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात त्याचा जोर असतो, दोनेक आठवड्यांत बरंचसं ओसरतं. झोप जरा उशिरा जाग्यावर येते आणि स्वप्नं फार पडतात.

आमच्या पोराला तिसऱ्या दिवशी ताटावरून उठून जाताना आईने पाहिलं. ती मला फोनवर म्हणाली, ‘सर, याले काय व्हयनं? भाकर तोंडमा घेस नही.’ मी तिला खरं सांगितलं, आणि पंधरा दिवस त्याला बोलू नका म्हटलं. तिने ते पाळलं. रोज संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात बांधून ती अभ्यासिकेत पाठवायची, तो खाईल तेवढं खायचा. रात्री झोप नसायची तेव्हा आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत जाऊन यायचो. बोस्टनमध्ये १६ ते २५ वयाच्या पोरांना महिनाभर गांजा सोडायला लावून तपासलं, तर पाठ करण्याची ताकद पहिल्याच आठवड्यात सुधारू लागली होती. २०१८ मध्ये ते छापून आलं. आमच्याकडे तीन आठवडे लागले. त्यानंतरच्या टेस्टला त्याने मूलभूत कर्तव्यं अकराच्या अकरा लिहिली, वही न उघडता.

ज्यांना हे एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी १४४४६ हा नशामुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे. दोन्हीला पैसे पडत नाहीत. थोड्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी आपणहून उपचार घेत असेल तर अंमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमात त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते, तेव्हा दवाखान्यात जायला घाबरू नका. आणि आमच्या ग्रुपवरच्या ज्या पोरांनी त्या मेसेजला अंगठा दिला, त्यांनी सकाळी साडेसहाला, क्लासच्या आधी, माझ्याकडे येऊन बसावं. घरी कळवणार नाही.