“वाघ मोजून पोट भरतं का?”

आज चुलत भावाकडे वास्तुशांत होती. जेवताना कुणीतरी भाचीला विचारलं, बारावी झाली, आता पुढं काय? ती म्हणाली, बीएस्सी झूलॉजी, मग वन्यजीव संवर्धनात एमएस्सी. शेजारचे काका जिलेबी मोडत म्हणाले, “वाघ मोजून पोट भरतं का गं?” सगळे हसले. मीही हसलो. राग त्याचाच जास्त येतोय, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलोय.

आमचं गाव जुन्नरकडचं. १९९९ च्या उन्हाळ्यात आमचा सर्जा बैल गेला. पाय सुजला होता, आठवडाभर डॉक्टर येऊन दुखण्याचं इंजेक्शन देऊन जायचे. शेवटी ओढ्यापलीकडे माळावर टाकला. आजोबांच्या तरणेपणी जनावर टाकलं की दिवस मावळायच्या आत सांगाडा उरायचा. सर्जाला मात्र कुत्री सोडून कुणी शिवलं नाही. आठ-दहा दिवस वास येत होता. आजोबा ओसरीवर बसून मला, शिकलेल्या नातवाला, विचारायचे, “गिधाडं कुठं गेली रे?” मी बीकॉमला होतो. काय सांगणार, कप्पाळ?

उत्तर मिळालं २००४ साली. तोवर सगळ्यांना वाटत होतं, कसली तरी साथ असेल. पाकिस्तानात मेलेली गिधाडं फाडून पाहिली तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर. कारण डायक्लोफेनॅक, म्हणजे आपण गुरांना टोचत होतो ते दुखण्याचं औषध. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एखादं उरली होती.

आणि काका, ती कमी होतायत हे कळलं कसं? राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात विभू प्रकाश नावाचे पक्षी अभ्यासक वर्षानुवर्षं गिधाडं मोजत होते म्हणून. मोजत!

बरं, याच काकांनी गेल्या आठवड्यात ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलेलं, ‘वनखातं झोपलंय का? पकडा आणि लांब नेऊन सोडा.’ अहो, तेच करून झालंय. आपल्याच जुन्नरचे बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तर तिकडं माणसांवर हल्ले सुरू झाले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासून दाखवलं. ऊस वर्षभर उभा, मादी त्यातच पिल्लं घालते, कुत्री-डुकरं खायला हजर. ‘लांब’ म्हणजे नेमकं कुठं, हे शिकलेलं माणूस लागतं सांगायला.

ज्यांच्या घरातलं पोर बिबट्यानं नेलं त्यांच्यासमोर ही शहाणपत्ती करायची माझी छाती नाही. ते वेगळं दुःख आहे. राग जिलेबीवाल्यांचा आहे.

नोकऱ्या कमी आहेत, मान्य. प्रोजेक्ट संपला की पगार संपतो, तेही मान्य. डेहराडूनला, बंगळूरला एमएस्सीच्या जागा मोजक्याच. पदवीला हा विषय थेट असा क्वचितच मिळतो. झूलॉजी, बॉटनी, पर्यावरणशास्त्र, नाहीतर दापोलीला फॉरेस्ट्री, असा वळसा घालून जावं लागतं. माझं तर म्हणणं आहे, अठराव्या वर्षीच थेट शिकवा. तेव्हा गुडघे शाबूत असतात, डोंगर चढून विष्ठा गोळा करायची लाज वाटत नाही. आणि कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणं म्हणजे हा अभ्यास नव्हे. यात संख्याशास्त्र आहे, जनुकशास्त्र आहे, गावकऱ्यांच्या ओसरीवर बसून तासन्‌तास ऐकून घेणंही आहे. आजोबांचा प्रश्न ऐकून घ्यायला तेव्हा असं कुणी गावात आलंच नाही.

(काका या पोस्टला लाइक करतील बहुधा. न वाचता.)

परतताना गाडीत भाची गप्प होती. मग म्हणाली, “मामा, तूपण हसलास.” मी तिला सर्जाची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली आणि विचारलं, “इंजेक्शन कुठलं होतं?”

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गिधाडं उतरली असती तर सर्जाला खाऊनच मेली असती की काय? आजोबा गुरांच्या डॉक्टरचा खर्च वहीत मांडून ठेवायचे, औषधाच्या नावासकट. वह्या गावच्या माळ्यावर असतील, वाळवीनं ठेवल्या असतील तर. रविवारी तिला घेऊन जातोय.