अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला फॉरवर्ड

महिनाभरात चौथ्यांदा तोच मजकूर फोनवर आला. थोडक्यात असा: रोज सकाळी रिकाम्या पोटी कोमट पाण्यातून चमचाभर हळद घ्या. चिमूटभर मिरपूड टाका, गुण २००० टक्क्यांनी वाढतो. सांधेदुखी, मधुमेह, कर्करोग, सगळं मुळासकट जातं. अमेरिकेने उगीच का हळदीचं पेटंट दिलं? नैसर्गिक वस्तू, त्यामुळे अपाय शून्य. जखमेवर थेट दाबा. आणि शेवटी भेसळ ओळखायची युक्ती. ‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण थट्टेची आहे, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

या मजकुरात खोटं थोडं आहे आणि उसनं फार. प्रयोगशाळेतल्या कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा) गुण, कॅप्सूलमधल्या अर्काचा गुण आणि डब्यातली हळद, हे तिन्ही त्याने एकाच चमच्यात कालवलंय.

सांधेदुखीपासून सुरू करू, कारण तिथे त्याची बाजू सगळ्यात भक्कम आहे. थायलंडमधली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या संधिवाताचे ३६७ रुग्ण. काहींना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी दिली, काहींना हळदीचा अर्क. चार आठवड्यांनी वेदनेच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास बरोबरीत. हे नाकारायचं कारण नाही. पण अर्काची मात्रा होती रोज १५०० मिलिग्रॅम, आणि त्यात बहुतांश कर्क्युमिन व त्याची भावंडंच. साध्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या तीनेक टक्के असतं. म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात नव्वदेक मिलिग्रॅम. चाचणीची बरोबरी करायची तर रोज निदान डझनभर चमचे हळद खावी लागेल. तीही पाण्यातून घेऊन फारसा उपयोग नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते तेलातुपात विरघळतं. आणि ‘मुळासकट’? चाचणीत दुखणं कमी झालं होतं. झिजलेली कूर्चा परत आली, असं तिथे कुणी म्हटलेलं नाही.

मग मिरी. २००० टक्क्यांचा आकडा खरा आहे. बंगळुरूत झालेल्या आणि १९९८ साली छापून आलेल्या एका प्रयोगातून तो आलाय. मोजक्या निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात त्याचा मागमूस लागेना. सोबत मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर थोडा वेळ ते दिसू लागलं. जवळजवळ शून्याची वीसपट, एवढाच त्या टक्क्यांचा अर्थ. रक्तात किती पोचलं हे त्यात मोजलंय, आजार किती बरा झाला हे नाही. पायपरीन हे साधतं कसं, तेही पाहायला हवं. आतडं आणि यकृत परकी द्रव्यं मोडून बाहेर टाकतात, त्या कामात ते खोडा घालतं. तोच खोडा इतर औषधांनाही बसतो. फेफऱ्यासाठी घेतात त्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढते.

कर्करोगाबद्दल फार लिहीत नाही. काचेच्या बशीत कर्क्युमिन कर्कपेशी मारतं, हे खरं. बशीत बऱ्याच गोष्टी पेशी मारतात. कर्क्युमिन तर दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि स्वतः चमकतं, त्यामुळे चाचणीयंत्रालाच फसवतं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकाने शंभरावर मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी खरी की खोटी हे ठाऊक नसताना कर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलंय, अशी एकही चाचणी तिथे निघाली नाही. मधुमेहातल्या छोट्या चाचण्यांत साखर थोडी उतरलेली दिसते; तेवढ्यावर चालू गोळी सोडणं हा जिवाशी खेळ आहे.

पेटंटची गोष्ट तर उलटीच सांगितली आहे. हळदीने जखम भरते या दाव्यावर १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकी पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. वाद ‘यात नवीन काय?’ एवढाच होता. उपाय जुना आहे, हे सिद्ध झालं. तो लागू पडतो का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

जखमेवर डब्यातली हळद दाबू नका, हे मी ठामपणे सांगेन. हळद जमिनीत वाढणारा कंद. उकळल्यावरही चिवट जिवाणूंचे बीजाणू तगतात. डबा निर्जंतुक नसतो, त्यातला चमचाही नसतो. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, खोल असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. पिवळ्या लेपाखाली जखमेची लाली दिसत नाही, हा त्रास वेगळाच.

‘अपाय शून्य’ हे जेवणातल्या हळदीपुरतं बहुतेकांच्या बाबतीत चालेल. गोळ्यांना ते लागू नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेली दहा प्रकरणं मांडली; त्यांत एक माणूस दगावला. काही गोळ्यांत पायपरीनही सापडलं. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणारे, पित्ताशयात खडे असलेले आणि मुतखड्याचा त्रास असलेले, यांनी चमचाभर सल्ल्याआधी डॉक्टरांना विचारावं.

राहिली भेसळीची युक्ती: ‘पाण्यात टाका, तळाशी बसली की शुद्ध.’ मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हिची. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून लावलं जाणारं सर्वात घातक द्रव्य म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं संयुग. ते पाण्यात विरघळत नाही आणि जड असतं, म्हणजे निमूटपणे तळाशीच बसतं. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक २०१९ मध्ये हळदीपर्यंत पोचले होते. शिसं ओळखायला प्रयोगशाळाच लागते.

‘साबण लागून डाग लाल झाला तर हळद अस्सल’ हेही तसंच. क्षार लागला की कर्क्युमिन लाल होतं, एवढंच त्यातून कळतं; सोबत आणखी काय मिसळलंय ते नाही. कपडा धुवा, लालीकडे दुर्लक्ष करा आणि उन्हात वाळत घाला. उन्हात कर्क्युमिन मोडतं, डाग फिका पडतो.