दोन केबीचं बिऱ्हाड

बाबांचा डेस्कटॉप २०११ चा. विंडोज सेव्हन, दोन जीबी रॅम, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. त्या विंडोजचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला हे मी त्यांना कित्येक वर्षं सांगत होतो आणि ते "मी आहे ना त्याला सपोर्टला" म्हणत होते. शेवटी २०२५ च्या दिवाळीत नवा लॅपटॉप घेतलाच. बाबांची अट एकच. "जसं आहे तसं सगळं इकडे आण."

मी आंघोळ करून येतो तोवर त्यांनी स्वतःच हात घातला होता. डेस्कटॉपवरचे झाडून सगळे आयकॉन पेनड्राइव्हवर. "बघ, पाच सेकंदात झालं, तू म्हणे दिवस जाईल." बघितलं तर एकेक फाईल दोन-दोन केबीची. म्हटलं बाबा, हे नुसते शॉर्टकट आहेत, दारावरची पाटी तेवढी उचलून आणलीत, घर तिकडेच आहे.

मग मी माझी अक्कल पाजळली. अख्खा प्रोग्राम फाइल्स फोल्डर कॉपीला लावला. आठ मिनिटं राहिली म्हणाला, मग तीन तास, मग परत चाळीस मिनिटं, आमच्या प्लंबरसारखं. बारीक बारीक हजारो फायली, वैतागून सगळ्याची एक झिप केली तर पेनड्राइव्ह म्हणतो फाईल फार मोठी आहे, आणि त्यात जागा तर चांगली बारा जीबी मोकळी! ते एफएटी ३२ चं लफडं निघालं, चार जीबीच्या वर एक फाईल ते घेतच नाही. फॉरमॅट केला, परत कॉपी. (फॉरमॅट करताना त्यात आईचे ट्रिपचे फोटो होते हे आईला अजून माहीत नाही.)

एवढं करून नव्यावर डबल क्लिक केलं तर अमुक डीएलएल सापडत नाही, तमुक नोंद नाही. मी बाबांना समजवायला लागलो की प्रोग्राम इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत नावं घालतो, काही फायली विंडोजच्या पोटात ठेवतो, काही लपवलेल्या फोल्डरात, त्यामुळे नुसता फोल्डर... बाबांनी मधेच तोडलं. जन्म तलाठी म्हणून गेलेला माणूस. "म्हणजे कब्जा घेतलास पण फेरफार नाही, सातबाऱ्यावर नाव कसं लागेल?" इतकं सोपं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे सगळं नव्याने इन्स्टॉल करणं आलं. सीड्या बिस्किटाच्या डब्यात होत्या, लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही. शेजारून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला, तर सीरियल नंबर कव्हरवर बॉलपेनने लिहिलेला आणि त्यातला आठ की बी, शून्य की ओ, यावर आमचं दुपारचं जेवण थंड झालं.

सोसायटीच्या नोटिसांचं आणखी वेगळं. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या, त्यामुळे नव्यावर उघडल्या तर नुसते इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस. थकबाकीदारांची यादी कोणालाच वाचता येईना, थकबाकीदार खूश झाले असते. पण फॉन्टची फाईल जुन्याच्या फॉन्ट्स फोल्डरातून उचलून नव्याच्या फॉन्ट्स फोल्डरात टाकली आणि एका फटक्यात मराठी! अख्ख्या दिवसात सरळ कॉपी-पेस्टने आलेली हीच एक गोष्ट.

राहिला बाबांचा जीव की प्राण, पत्रिकेचा प्रोग्राम. डॉसच्या जमान्यातला, सोळा बिटचा. जुनं विंडोज बत्तीस बिटचं होतं म्हणून चालवून घेत होतं, विंडोज अकरा चौसष्ट बिटचंच येतं, ते असल्यांना दारातच उभं करत नाही. रात्री साडेअकराला डॉसबॉक्स सापडलं, मुळात जुने गेम खेळायला बनवलेलं, फुकट. त्यात सुरू झाला एकदाचा. बाबांनी चष्मा पुसला आणि पहिली पत्रिका काढली ती लॅपटॉपचीच, बिलावरची तारीख-वेळ टाकून. मग जुन्या डेस्कटॉपची. प्रोग्राम सालाचे दोनच आकडे घेतो, त्यामुळे एक १९२५ चा निघाला आणि दुसरा १९११ चा. पण बाबांचं त्याला काही नव्हतं. दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

"चौदा वर्षांचं अंतर, त्यात याला कडक मंगळ," ते म्हणाले. "आधी मला विचारायचं होतंस, दिवस वाचला असता."