घोडा बसतो, आणि पाय पसरून झोपतोही

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या गटांतून आला. वर उधळलेल्या पांढऱ्या घोड्याचं चित्र, खाली जोडलेले हात, आणि मध्ये मजकूर: ‘घोडा आयुष्यभर उभा राहतो. झोपतोही उभ्यानेच. घोडा बसला की समजा, त्याचा शेवट आला. म्हणून साठीनंतर बसू नका, घोड्यासारखे उभे राहा!’ त्याखाली घोड्याच्या ‘थक्क करणाऱ्या’ आणखी काही गोष्टी. तो हसतो, त्याला माणूस अवाढव्य दिसतो, त्याला पाच हृदयं असतात, वगैरे.

वाचून आधी हसू आलं, मग राग. हसू घोड्यासाठी आणि राग गुडघ्यांसाठी, कारण हा संदेश ज्या गटांत फिरतोय तिथल्या निम्म्या लोकांना डॉक्टरांनी सांगितलंय की बाबांनो, जरा बसत जा.

उभ्याने झोपण्याचं आधी पाहू. त्यात जे खरं आहे ते मान्यच करतो. घोडा उभ्याने पेंगतो आणि पडत नाही. त्याच्या मागच्या पायात, पोटाला लागून, आपल्या गुडघ्यासारखा सांधा असतो. त्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या उंचवट्यावर नेऊन अडकवता येते, खुंटीला पिशवी अडकवावी तशी. मग बाकीचं ओझं कंडरा आणि अस्थिबंध पेलतात, स्नायूंना फारसं काम उरत नाही. पेंगणारा घोडा जवळून पाहिलात तर हे सगळं दिसतं. मान खांद्याच्या रेषेत उतरलेली, खालचा ओठ लोंबता, कान दोन बाजूंना सैल सुटलेले. मागचा एक पाय ताठ आणि दुसऱ्याच्या खुराचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं, त्यामुळे त्या बाजूचा पुठ्ठा खाली झुकलेला. थोड्या वेळाने एक उसासा, आणि पायांची अदलाबदल.

पण ही पेंग झाली. संदेशाचं घोडं पेंड खातं ते इथेच. स्वप्नं पडतात त्या गाढ झोपेत अंगातले स्नायू पार सैल पडतात, आणि तेव्हा उभं राहणं घोड्यालाही जमत नाही. त्यासाठी तो पाय पोटाशी घेऊन बसतो, नाहीतर सरळ कुशीवर आडवा होतो. चोवीस तासांत त्याची एकूण झोप साधारण तीनेक तासांची. त्यातली ही गाढ झोप अर्धा ते एक तास, तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणून रस्त्याने जाणाऱ्याला घोडा झोपलेला सहसा दिसत नाही. कळपात एक जण आडवा झाला की दुसरा उभा राहून राखण करतो. शिंगरू तर दिवसातला बराच वेळ जमिनीवर पसरलेलं असतं.

मग खरोखर कधीच न बसणाऱ्या घोड्याचं काय होतं? जागा अपुरी असेल, राखणीला सोबत नसेल, किंवा सांधे दुखत असल्यामुळे एकदा बसल्यावर उठता येणार नाही अशी धास्ती असेल, तर घोडा दिवसेंदिवस आडवा होत नाही. (हे शेवटचं कारण साठी उलटलेल्यांना समजावून सांगायला नको.) असा घोडा उभ्या उभ्या गाढ झोपेत घसरतो, पुढचे पाय दुमडतात, तो दचकून सावरतो किंवा तोंडघशी पडतो. खुरांच्या वरच्या सांध्यांवर समोरच्या बाजूने खरचटल्याच्या जुन्या खुणा दिसल्या, तर जाणकार मोतद्दार पहिला प्रश्न विचारतो: हा झोपतो का? थोडक्यात, संदेशात ज्याचं कौतुक चाललंय त्या घोड्यासाठी डॉक्टर बोलवायला हवा.

‘बसला की संपला’ ही समजूत आली कुठून, तेही उघड आहे. चार-पाचशे किलोंचं धूड तासन्‌तास एका कुशीवर राहिलं तर खालचे स्नायू दबतात, रक्त फिरत नाही, फुप्फुसांवर भार येतो. आजारी घोडा बसला आणि उठेना, तर प्रकरण गंभीरच असतं. पण ते उठता न येण्यामुळे. बसण्याला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही.

आता हसण्याचं. संदेशासोबत वरचा ओठ उलटवलेला, दात विचकलेला, मान आभाळाकडे केलेला घोडा असतो. ‘घोडाही मनमोकळा हसतो, मग तुम्ही का नाही?’ तो हसत नाहीये, वास घेतोय. ओठ असा वर दुमडला की नाकपुड्या बंद होतात आणि आत ओढलेला वास तोंडाच्या टाळूवरच्या, नाकाच्या तळाशी असलेल्या एका खास अवयवापर्यंत पोहोचतो. घोडीच्या मुताचा वास घेतल्यावर वळू घोडा हे हमखास करतो. तेव्हा सकाळी सकाळी ‘शुभ प्रभात’खाली आपण नेमकं काय पाठवतोय याचा विचार व्हावा. शिवाय पोटात कळा येणारा घोडाही कधी कधी असाच ओठ वळवतो, त्यामुळे या ‘हसण्या’वर खूश होऊन चालत नाही. घोड्याचा मूड बघायचा तर कान बघावेत. मानेला चिकटवून मागे पाडलेले असतील तर चार पावलं लांब राहिलेलं बरं.

‘घोड्याला सगळं मोठं दिसतं, म्हणून तो माणसाला घाबरतो.’ बरं, त्याला सगळंच मोठं दिसत असेल तर शेजारचा घोडाही मोठा, गवतही मोठं, कुंपणही मोठं. मग माणूस वेगळा मोठा कसा ठरला? शिवाय अशा नजरेने अडथळ्यावरून मोजूनमापून उडी मारता आली नसती. त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत, एवढ्यावरून ही कथा रचली गेली असावी. ते डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळजवळ सगळा परिघ त्याला दिसतो. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. मागून गुपचूप जाणाऱ्याला दुगाण्या बसतात त्या यामुळे. रंगही त्याला दिसतात. निळा आणि पिवळा ओळखतो, तांबड्या-हिरव्यात गोंधळतो.

पाच हृदयं नसतात, एकच असतं. चार खुरांत पाऊल टाकताना रक्त वर ढकललं जातं, त्या उपमेला कोणीतरी अवयव करून टाकलं.

‘घोड्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची तीन.’ हा हिशेब सुरुवातीलाच फसतो. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं आणि दोन वर्षांचं होईतो वयात आलेलं असतं. सहा वर्षांचं कुठलं मूल वयात येतं? दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधला ‘ओल्ड बिली’ आहे. 1760 साली जन्मलेला हा घोडा कालव्यातल्या नावा ओढायचा आणि 1822 साली वारला. बासष्ट वर्षं. संदेशाच्या गणिताने एकशे शहाऐंशी! अर्थात तो अपवाद होता. बहुतेक घोडे पंचवीस-तीसपर्यंत जगतात. म्हातारपणी त्यांची गाडी अडते ती दातांवर. घोड्याचे दात आयुष्यभर वाढत नाहीत. हिरडीत लपलेला लांबलचक साठा झिजेल तसा वर सरकत राहतो, आणि एक दिवस तो संपतो. मग म्हातारा घोडा गवत चघळतो, चघळतो आणि ओला बोळा तोंडातून टाकून देतो. त्याला भिजवून मऊ केलेला चारा द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र संदेशाने बरोबर सांगितली आहे: घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की गेलेलं परत येत नाही. यात थक्क होण्यापेक्षा काळजीचाच भाग जास्त, कारण पोट बिघडलं की सुटकेची एक वाट कायमची बंद.

शेवटचा दावा, ‘घोड्याला आपल्या मनातलं कळतं.’ बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच सिद्ध केलं असं लोक मानत होते. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक. त्यांनी बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. 1904 साली जाणकारांच्या समितीलाही त्यात लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने एक साधी युक्ती केली: ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावलं. हान्स चुकू लागला. माणूस नजरेआड झाला की तेव्हाही चुकला. तो आकडे मोजतच नव्हता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित वर व्हायची, आणि तेवढं पाहून हान्स खूर थांबवायचा. पुढे फुंग्स्ट स्वतः प्रश्न विचारायला उभा राहिला, तर हे सगळं ठाऊक असूनही त्याला आपली मान आवरता येईना.