कू चीची भुयारं आणि महाराजांच्या नावाचा तो मेसेज

व्हिएतनामची तिकिटं काढली की ग्रुपवर तो मेसेज येतोच. अमेरिकेला हरवल्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विजयाचं गुपित विचारलं, तर ते म्हणाले, शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून त्यांचीच युद्धनीती वापरली. त्यांच्या समाधीवर म्हणे ‘शिवरायांचा एक मावळा इथे विश्रांती घेतोय’ असं कोरलंय. पुढे तिथल्या महिला परराष्ट्रमंत्री रायगडावर आल्या आणि तिथली माती मायदेशी घेऊन गेल्या. सायगॉनजवळच्या कू चीची युद्धकाळातली भुयारं बघायला निघालेल्या मराठी मंडळींना तर हे पाठच असतं. महाराजांबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर खोटं खपवलेलं मला सहन होत नाही.

समाधीचं आधी. उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ ला वारले, युद्ध संपलं १९७५ मध्ये. विजयाबद्दल बोलायला ते हयातच नव्हते. हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या त्यांच्या समाधीच्या दर्शनी भागावर ‘राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह’ असं कोरलंय. मावळ्याचा उल्लेख नाही.

परराष्ट्रमंत्री बाईंचं नाव मेसेजमध्ये बहुधा नसतंच. न्गुएन थी बिन्ह या मात्र खऱ्या. दक्षिणेतल्या कम्युनिस्टांच्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या त्या परराष्ट्रमंत्री, १९७३ च्या पॅरिस करारावर त्यांची सही आहे. पण १९७६ मध्ये देश एक झाला तेव्हा त्या शिक्षणमंत्री झाल्या. एकत्र झालेल्या देशाचं परराष्ट्र खातं त्यांच्याकडे नव्हतं.

खरी मेख युद्धनीतीत आहे. महाराजांचा गनिमी कावा सह्याद्रीच्या जिवावर उभा होता. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखान कोंडला गेला तो दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे. कू चीला ना घाट, ना किल्ला. सपाट मुलूख, रबराचे मळे, शेजारून वाहणारी सायगॉन नदी. लपायला वर जागा नाही म्हणून माणसं खाली गेली. तिथली चिकट तांबडी माती ओली असताना खणता येते आणि वाळली की घट्ट बसते. फ्रेंचांविरुद्ध १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे खोदकाम पुढे सुमारे २५० किलोमीटरवर गेलं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या २५ व्या डिव्हिजनने तळ टाकला तो या भुयारांच्या डोक्यावरच!

तिथे गेलात तर स्वयंपाकघरापाशी थांबा. चुलीचा धूर थेट वर न सोडता जमिनीतल्या चरांमधून फिरवलाय. लांब जाता जाता तो निवतो, विरळ होतो आणि पाल्याखालून झिरपल्यासारखा बाहेर पडतो. रांधायचं पहाटे, म्हणजे तो धुक्यात मिसळून जातो आणि विमानातून दिसत नाही. ही चूल फ्रेंचांशी लढणाऱ्या सैन्यातल्या होआंग काम नावाच्या आचाऱ्याची, आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. एका आचाऱ्याच्या डोक्यातून निघालेली ही युक्ती! तिचं श्रेय आपण परस्पर दुसरीकडे का वळवायचं?

त्यांना प्रेरणेसाठी दूर जायची गरजही नव्हती. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ यांनी बाख दांग नदीत खुंट रोवून ठेवले, ओहोटीला मंगोलांची जहाजं त्यांवर अडकली. पंधराव्या शतकात ले लोय यांनी दहा वर्षं झुंजून मिंग फौजा घालवल्या. सेनापती व्हो न्गुएन ज्याप तर हनोईत इतिहास शिकवायचे. माओच्या दीर्घकालीन युद्धाच्या विचाराचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

शिवाय नुसत्या गनिमी काव्याने ते जिंकले हेही अर्धवट. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉनच्या राजवाड्याचं फाटक तोडून आत शिरले ते रणगाडे, आणि त्यामागे सोव्हिएत संघ आणि चीनची वर्षानुवर्षांची मदत होती. भुयारांतल्या लोकांनी शत्रूला खिळवून ठेवलं, त्याची किंमत भयंकर होती. कू चीची भुयारं बेन द्युओक आणि बेन दिन्ह अशा दोन ठिकाणी बघता येतात. बेन द्युओकच्या स्मारक मंदिरात फ्रेंच आणि अमेरिकन अशा दोन्ही युद्धांत पडलेल्या ४४ हजारांहून अधिक जणांची नावं कोरली आहेत. बहुतेक सहली शहराला जवळच्या बेन दिन्हलाच नेतात, तेव्हा बुकिंग करतानाच बेन द्युओक मागून घ्या.